बोलण्याचा रोख

“ये, ये. आज इकडे कशी वाट चुकलास?”

मराठी घरात वाढलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही हे वाक्य कळतं. मामा दारात चपला काढत असतो, आई पदराला हात पुसत बाहेर येते आणि असं म्हणते. पोराला लगेच उमगतं, की मामा वाट वगैरे काही चुकलेला नाही. तो बरेच दिवस फिरकलेला नाही, आई रुसली आहे आणि त्या रुसव्यात माया जास्त आहे. त्याच आईनं हेच वाक्य ‘या, या’ करून, उसने पैसे बुडवून बसलेल्या एखाद्या दूरच्या पाहुण्याला ऐकवलं, तर तेच पोर खेळ थांबवून कोपऱ्यात सरकतं. शब्द जवळपास तेच असतात, पण आता चहा येणार की नाही याचा अंदाज त्यानं बांधलेला असतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पुढे हे पोर एकोणीस वर्षांचं होऊन माझ्या वर्गात येऊन बसतं, इंग्रजीतला असाच एखादा उतारा वाचतं आणि वहीत लिहितं : ‘वक्ता पाहुण्याचं स्वागत करत आहे. टोन आनंदी.’ मधल्या तेरा वर्षांत त्या कानाचं काय झालं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात. मराठीच्या तासाला त्यांनी कवितेचं रसग्रहण केलेलं असतं. इंग्रजीत त्यालाच अप्रिसिएशन म्हणायचं, एवढं त्यांना ठाऊक असतं. टोनचा प्रश्न आला की मात्र सगळ्यांचे हात गाईडकडे जातात. गाईडात प्रत्येक कवितेखाली एक विशेषण छापलेलं असतं : सॅड, आयरॉनिक, नॉस्टॅल्जिक. ते विशेषण उत्तरपत्रिकेत उतरतं, त्याला गुणही मिळतात. गुण देणाऱ्यांत मीही असते, तेव्हा त्याबद्दल फार तोंड उघडण्याचा मला अधिकार नाही.

या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात मीही अशीच एक यादी केली होती. टोन दाखवणारी इंग्रजी विशेषणं, समोर मराठी अर्थ, असे दोन रकाने. लिहिता लिहिता लक्षात आलं, की मराठीचा रकाना इंग्रजीपेक्षा लांब होत चाललाय. तिरकस, खवचट, खोचक, कुत्सित, मिश्कील, आर्जवी, लाडिक, कोरडा, करडा, मानभावी. एकट्या सारकॅस्टिकसमोर मी पाच शब्द लिहिले आणि पाचांतला एकही दुसऱ्याची जागा घेईना. खवचट माणूस आपल्याला आवडूही शकतो, कुत्सित माणूस कधीच नाही. ज्या भाषेत शालजोडीतून जोडे हाणण्याची सोय आहे, त्या भाषेतल्या मुलांना उपरोध म्हणजे काय हे मी काय सांगणार? यादी फाडली आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

टोनला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मात्र उरलाच. ‘सूर’ हा शब्द चांगला आहे, पण तो गाण्याकडे ओढतो. ‘ढंग’ म्हटलं की शैली डोळ्यांपुढे येते. मला शेवटी ‘रोख’ हा शब्द सापडला, म्हणजे होताच, मी वापरत नव्हते. “त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता” असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दिशा असते. बाण कुठून सुटला, कुणाच्या अंगावरून गेला आणि कुणाला लागला, हे सगळं त्या एका शब्दात येतं. वर्गातल्या चर्चेत नेमकी हीच दिशा हरवलेली असते. कविता ‘दुःखी’ आहे म्हटलं की काम संपतं. ती कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, बाजूला उभं राहून कोण ऐकतंय, हे विचारायचं राहूनच जातं.

केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌स यांनी हा प्रश्न नीट मांडला होता. त्यांचं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ १९२९ सालचं. विद्यार्थ्यांना त्यांनी तेरा कविता वाचायला दिल्या आणि कवींची नावं काढून टाकली. कागद गोळा झाले, तेव्हा दिसलं की जॉन डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्यांच्या कविता केंब्रिजच्या हुशार पोरांनी खुशाल मोडीत काढल्यात आणि सामान्य कवितांवर माना डोलावल्यात. माझ्या वर्गाला हा किस्सा फार आवडतो. त्याच पुस्तकात रिचर्ड्‌स अर्थाचे चार भाग करतात : बोलण्यातला मजकूर, विषयाबद्दलची भावना, ऐकणाऱ्याबद्दलची वृत्ती आणि बोलण्यामागचा हेतू. यातल्या तिसऱ्याला ते टोन म्हणतात. आपण बहुतेक वेळा दुसरा भाग सांगतो आणि त्यालाच टोन समजतो. मेलेल्या माणसाविषयीचं दुःख ही भावना झाली. ते दुःख समोरच्याला कसं सांगितलं, हातचं राखून की गळ्यात पडून, हा झाला टोन.

हे शिकायला केंब्रिजला जायची तशी गरज नव्हती. गोदावरीच्या काठानं चाललं असतं. हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. नदीकाठच्या झाडीत फुलं तोडायला येणाऱ्या एका धार्मिक माणसाला एक बाई सांगते, की बाबा, आता खुशाल फीर, तुला त्रास देणारं ते कुत्रं आज मेलं. झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला. निरोप आनंदाचा, भाषा आदराची. आता कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत कशाला पाऊल टाकेल? बाईला तिथं कुणाला तरी भेटायचं आहे आणि हा रोज मध्ये कडमडतो. ‘ये’ म्हणायचं आणि ‘येऊ नकोस’ ऐकवायचं. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त ही गाथा उदाहरणाला घेतली आणि तेव्हापासून संस्कृतचे पंडित तिच्यावर वाद घालत आले. मी ती पहिल्याच तासाला सांगते. मागच्या बाकांवर हसू फुटायला दहा सेकंद पुरतात. त्या दहा सेकंदांत पोरांच्या डोक्यात जे होतं, तेच त्यांनी इंग्रजी उताऱ्यावर करावं, एवढीच माझी मागणी आहे.

मग ते इंग्रजीत का होत नाही? याचं उत्तर मला स्विफ्ट शिकवताना मिळालं.

जोनाथन स्विफ्टचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हा निबंध १७२९ साली डब्लिनमध्ये निनावी छापला गेला. स्विफ्ट तेव्हा तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन होता. लागोपाठ पिकं बुडालेली, जमीनदार लंडनला राहून खंड वसूल करणारे, रस्त्यावर लेकरं घेऊन भीक मागणाऱ्या बाया. निबंधातला बोलणारा माणूस या बायांची दया करत सुरुवात करतो आणि सरकारी अहवालासारख्या शांत आवाजात एक योजना मांडतो : गरिबांची वर्षाची झालेली मुलं श्रीमंतांच्या ताटात वाढायला विकावीत. हिशेब चोख आहे. लोकसंख्या पंधरा लाख, त्यात मुलं होऊ शकतील अशी जोडपी दोन लाख. त्यांतली पोरं पोसण्याची ऐपत असलेली तीस हजार वजा. गर्भपात आणि आजारपणाचे पन्नास हजार वजा. उरली दर वर्षी जन्मणारी गरिबांची एक लाख वीस हजार मुलं. त्यांतली वीस हजार पैदाशीला ठेवायची, बाकी बाजारात. जन्मतः वजन बारा पौंड, वर्षाचं झाल्यावर अठ्ठावीस. वर्षभर पोसायला दोन शिलिंग खर्च, विकून दहा येणार, आईला आठ शिलिंग निव्वळ नफा.

त्या वर्षी वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलांनी गाईड आधीच वाचून ठेवलं होतं. निबंधाचं नाव फळ्यावर लिहायच्या आत एकानं सांगून टाकलं, “मॅडम, हे सटायर आहे.” मी वाचत गेले. योजनेच्या जागी आले तेव्हा मधल्या रांगेतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, पुस्तक मिटून म्हणाली, “मॅडम, हा माणूस राक्षस आहे. मला पुढचं वाचायचं नाही.” पहिला बाक हसला. “अगं, ते खरं नाहीये, सटायर आहे ते.”

तेव्हा मीही हसले असेन. घरी येताना एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की वर्गात त्या दिवशी एकट्या तिनं तो निबंध वाचला होता. तिला तो आवाज ऐकू आला होता. बाकीच्यांनी लेबल वाचलं होतं आणि लेबल लावलेल्या बाटलीचं झाकण कुणी उघडत नाही. स्विफ्टला तिच्यासारखाच वाचक हवा होता, ज्याला आधी शिसारी येते आणि मग प्रश्न पडतो.

प्रश्न तिनंच दुसऱ्या दिवशी विचारला. “हा बोलणारा राक्षस आहे, आणि स्विफ्ट चांगला आहे असं तुम्ही म्हणता. मग यात स्विफ्ट कुठे आहे?”

या प्रश्नावर आमचे पुढचे तीन तास गेले. अभ्यासक्रम मागे पडला आणि त्याची मला आजही खंत नाही. आम्ही शब्द शब्द करत शोधत गेलो. चौथ्याच परिच्छेदात, योजनेचा पत्ताही नसताना, नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या आईला बोलणाऱ्यानं ‘डॅम’ म्हटलंय. वर्गाला विचारलं, डॅम म्हणजे काय? उत्तर आलं, धरण. मुलांचं चुकलं नव्हतं, स्पेलिंग तेच आहे. पण जनावराच्या आईलाही इंग्रजीत डॅम म्हणतात. मग मी विचारलं, मराठीत बाई काय होते आणि म्हैस काय होते? शेतकऱ्यांच्या घरातली पोरं. एका सुरात उत्तर आलं : बाई बाळंत होते, म्हैस विते. “आणि कुणी बाईला व्याली म्हटलं तर?” त्यावर वर्ग गप्प झाला. आमच्याकडे ती शिवी आहे.

म्हणजे खाण्याची गोष्ट निघायच्या कितीतरी आधी त्या सुसंस्कृत, देशाची काळजी वाहणाऱ्या सद्‌गृहस्थानं गरीब बाईला दावणीला बांधलेलं आहे. पुढे ‘ब्रीडर’ हा शब्द आकडेवारीत येतो, तोही गुरांचाच. त्याच्या आवाजात राग नाही, द्वेष नाही, नुसती बेरीज-वजाबाकी आहे. स्विफ्टच्या आधीच्या शतकात विल्यम पेटी यांनी आयर्लंडची मोजणी केली होती आणि लोकांचा हिशेब पैशात मांडायची विद्या लोकप्रिय केली होती. ती भाषा वाचकांच्या कानांत मुरलेली होती. स्विफ्टनं नवं काही केलं नाही. त्याच हिशेबाची पुढची ओळ लिहिली.

आणि स्विफ्ट कुठे आहे? तो सापडला शेवटाकडे. तिथं बोलणारा माणूस वैतागून म्हणतो की दुसरे उपाय मला सांगू नका, आणि ते नको असलेले उपाय एकामागून एक मोजून दाखवतो. देशाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवणं, आपल्याच देशात बनलेलं कापड आणि सामान वापरणं, कुळांना दया दाखवणं. आपल्या मुलांना ‘स्वदेशी’ लगेच ओळखू आली. आयरिश माल वापरा असं सांगणारं पत्रक स्विफ्टनं १७२० साली स्वतः लिहिलं होतं आणि त्यापायी छापणाऱ्यावर खटला झाला होता. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी जे तो स्वतःच्या आवाजात ओरडून सांगत होता, तेच आता एका निर्दयी माणसाच्या तोंडून ‘असलं काही बोलू नका’ म्हणून वदवून घेतोय. मुलांनी ती यादी पुन्हा वाचली. मधल्या रांगेतून आवाज आला, “हां. हा इथं थकलाय.”

थकलाय. हे विशेषण कुठल्याच गाईडात नाही.

मराठीत याला सरळ म्हण आहे : लेकी बोले, सुने लागे. सासू लेकीला रागावते, ऐकायचं असतं सुनेनं. बोलण्याचा अर्थ लेकीत नसतो, लेक फक्त भिंत असते, चेंडू आपटायची. स्विफ्टचा बोलणारा आयर्लंडच्या हितचिंतकांना योजना सांगतो, लागते ती लंडनच्या आणि डब्लिनच्या धनिकांना. या एका म्हणीवर मी इंग्रजीतले अर्धे पाठ शिकवलेत. रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) घ्या. फेराराचा ड्यूक पहिल्या बायकोचं चित्र पडदा सारून पाहुण्याला दाखवतो, ती किती कुणाकडेही बघून हसायची याची सुसंस्कृत तक्रार करतो, तिचं हसू थांबवलं हेही ओघात सांगतो. हा पाहुणा कोण, हे शेवटाकडे कळतं : दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडून आलेला माणूस. आता मागे जाऊन वाचा. ‘कलाप्रेमी माणसाच्या आठवणी’ म्हणून वाचलेली कविता वधूपक्षाला दिलेली ताकीद होऊन बसते. होणाऱ्या सुनेला तिच्याच माणसामार्फत कळवलंय, की आमच्या घरात हसण्याचे नियम असे आहेत. या कवितेतली ओळींची यमकं कानाला लागतही नाहीत, कारण वाक्य ओळीपाशी थांबतच नाही, पुढच्या ओळीत सांडतं. बंधन आहे पण दिसत नाही. ड्यूकही तसाच आहे.

इथवर मुलं येतात. अडतात ती पुढे, जिथं म्हण आणि सासू कामाला येत नाहीत आणि इंग्रजीच्या शब्दांचाच पोत ओळखावा लागतो.

आपल्याकडे एका मरणाला किती शब्द! मेला, गेला, वारले, निधन पावले, देवाज्ञा झाली, गचकला, खपला. कुठला कुणाला वापरायचा, हे मराठी माणूस झोपेतही चुकत नाही. इंग्रजीतही असे थर आहेत. जुन्या अँग्लो-सॅक्सन मुळाचे रोखठोक शब्द तळाशी, १०६६ नंतर नॉर्मनांबरोबर आलेले फ्रेंच शब्द वर, त्यांच्यावर पंडितांनी आणलेले लॅटिन. आपल्या ‘घर’ आणि ‘गृह’ यांच्यात जे अंतर आहे, तेच तिथं आस्क आणि इंटरॉगेट यांच्यात आहे. आमच्या मुलांना हे थर आतून माहीत नसतात, कारण इंग्रजी शब्द त्यांना घरातून भेटलेले नसतात. दवाखाना, बँक, मोबाइल आणि सरकारी फॉर्म यांतून ते भेटतात. एका उत्तरपत्रिकेत मी वाचलं होतं, की शेवटी रोमिओ एक्स्पायर झाला. लिहिणाऱ्यानं आदरानंच लिहिलं होतं. आपल्या दवाखान्यांत ‘पेशंट एक्स्पायर झाला’ असंच हळू आवाजात सांगतात. इंग्रजाच्या कानाला मात्र ते दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं लागतं. मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही. चूक तर होती, पण ती कुठल्या घरातून आली असेल ते दिसत होतं.

दुसरी अडचण ‘तू, तुम्ही, आपण’ यांची. इंग्रजीतलं जुनं एकेरी सर्वनाम रोजच्या बोलण्यातून कधीच गेलं, आता राजाला आणि कुत्र्याला एकच ‘यू’. मुलं समजतात, इंग्रजीत मानपान नाही. असतो, तो क्रियापदात लपतो. कॅन, कुड, वुड, माइट या पायऱ्या आहेत, आणि इंग्रज माणूस जितका नाराज तितका वरच्या पायरीवर चढून बोलतो. हे मी स्वतः महागात शिकले. तरुणपणी एक लेख परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला होता. संपादकांचं उत्तर आलं : लेख फार इंटरेस्टिंग आहे, तुम्हाला काही भाग पुन्हा बघावेसे वाटू शकतील. मला वाटलं, बघावेसे वाटले तर बघू. मला काही वाटत नव्हतं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लेख अर्थातच छापून आला नाही. ‘वाटू शकतील’ म्हणजे ‘केल्याशिवाय पुन्हा पाठवू नका’, हे मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पेढा तोंडात असतानाच सांगितलं.

कर्ता गायब करणारी वाक्यरचना तर दोन्ही भाषांची सख्खी मैत्रीण. ‘आपणांस कळविण्यात येते की’ हे कोण कळवतं? कुणीच नाही. ते नुसतंच कळविण्यात येतं. पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना मी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवते आणि ग्रामपंचायतीची नोटीस फळ्यावर लिहिते. वाक्यातून माणूस कुणी काढला आणि काढून त्याची काय सोय झाली, हे विचारलं की व्याकरणाचा तास रोखाचा तास होतो.

शेवटचं उदाहरण जवळचं आहे आणि माझ्यापुरतं ते अजून सुटलेलं नाही. मुंबईच्या बेने इस्रायली घरातले निसीम इझिकेल (१९२४–२००४) मिठीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पिअन’ ही कविता १९६५ च्या ‘द एक्झॅक्ट नेम’ संग्रहात आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत फिरते आहे. दहा तास पाऊस, तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला विंचू, त्यानं आईला मारलेली नांगी, कंदील घेऊन जमलेले गावकरी, त्यांच्या प्रार्थना, बुद्धिवादी वडिलांनीही शेवटी नवस-औषध सगळं करून पाहणं आणि बोटावर रॉकेल ओतून काडी लावणं. वीस तासांनी वेदना उतरते आणि आई एवढंच म्हणते, की बरं झालं मला चावला, पोरांना नाही. गाईडात टोन : आईच्या प्रेमाचा गौरव.

वर्गात या कवितेवर भांडण होतं, दर वर्षी. कोकणातून आलेला एक मुलगा म्हणाला होता, “मॅडम, लाल विंचू माणूस मारतो.” खरं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवण्याआधी तिथं विंचवाच्या दंशानं माणसं दगावत. एवढं माहीत असलेला मुलगा ही कविता वेगळी वाचतो. त्याच्या लेखी ते वीस तास म्हणजे मरणाच्या दारातले वीस तास, आणि तरीही बोलणाऱ्याचा आवाज कुठं म्हणून फुटत नाही. मुलगा आईबद्दल बोलतोय आणि ज्वाळेकडे बघत राहिल्याचं सांगतोय. हा कोरडेपणा कशाचा? लहानपणी पाहिलेलं, आणि मोठेपणी शब्दांत नीट मांडून ठेवलेलं. दोन वयं एका वाक्यात बोलतात.

पण गावकऱ्यांना कवीनं माश्यांच्या थव्याची उपमा दिली आहे. त्यावर एक मुलगा चिडला होता : “आमच्या आजीला विंचू चावला तेव्हा रात्रभर गाव बसलं होतं. आम्हाला माश्या म्हणतो होय?” दुसरीनं त्याला उत्तर दिलं, की ती लहान पोराची नजर आहे, खोलीत गर्दी झाली की पोराला तसंच दिसतं. मग तिसऱ्यानं एकनाथांचं विंचवाचं भारूड काढलं : तिथं विंचू चावल्याची बोंब आहे, हशा आहे, आणि विंचू म्हणजे काम-क्रोध; ओरडणारा सूर खोटा, आतला खरा. इझिकेलांचं उलटं आहे का, आतला आक्रोश खरा आणि वरचा शांतपणा पांघरलेला? की शहरातल्या सुशिक्षित मुलाला गावचे लोक खरोखरच तसे दिसत होते? मी दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलंय. दोन्हींना कवितेत आधार आहे. आपल्या उत्तराला कवितेतला कुठला शब्द साक्षीला उभा आहे, एवढं सांगता आलं की मी पूर्ण गुण देते, मग उत्तर मला पटो न पटो. शेवटच्या ओळींत आईच्या बोलण्याआधी एक छोटासा ‘ओन्ली’ आहे. त्या शब्दाची साक्ष काढणाऱ्या एका मुलीनं मला माझं मत एकदा बदलायला लावलं होतं. ते या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात आलंय.

पुस्तक वापरायचं कसं, याबद्दल थोडं. उतारे मोठ्यानं वाचावेत. मनात वाचलेल्या इंग्रजीला आपण सगळे एकच आवाज देतो, बातम्या देणाऱ्याचा. तोंडानं वाचायला लागलं, की कुठं थांबावं हे ठरवावं लागतं आणि तिथं रोख पकडला जातो. स्विफ्टचा उतारा आमच्या एका मुलानं पंचायत समितीचे साहेब अनुदानाची योजना समजावतात त्या आवाजात वाचला होता. मी वर्षानुवर्षं तो भारदस्त इंग्रजी आवाजात वाचत आले होते आणि माझं चुकतच होतं. उच्चारांची फिकीर नको. मराठी हेल काढून वाचलं तरी चालेल, हेल म्हणजे सुद्धा आपलाच एक सूर आहे.

पहिल्या भागातल्या उताऱ्यांवर रिचर्ड्‌स यांच्या धर्तीवर लेखकांची नावं दिलेली नाहीत. ती शेवटच्या पानावर आहेत. ‘आधी पाहू नये’ असं तिथं छापायचं ठरलं होतं, पण मुद्रितं तपासणाऱ्या माझ्या पुतणीनं पुस्तक हातात पडताच ते पान पहिल्यांदा उघडलं आणि मला ती सूचना काढून टाकावी लागली. तेव्हा बघायचं असेल तर बघून घ्या. फक्त तो नाव नसलेला तिसरा उतारा, जो वाचून तुम्हाला वाटेल की लिहिणारा फार सज्जन आहे, तो दोनदा वाचा.